पशूच्या जिवाची ओळख

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे १२:१०, निर्गम २३:४-५, मत्तय १२:९-१३, योना ४:१०-११



नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहावे वचन आपण पुष्कळदा वाचले असेल. परंतु त्यावर प्रवचन मात्र क्वचितच ऐकले असेल. नीतिमान मनुष्याचे लक्षण सांगताना तो ज्ञानी लेखक येथे त्याच्या प्रार्थनेविषयी किंवा दानधर्माविषयी बोलत नाही. तो सरळ त्याच्या गोठ्याकडे बोट दाखवतो. नीतिमानाला आपल्या पशूच्या जिवाची जाण असते आणि दुर्जनाची दयासुद्धा निष्ठुर असते, असा त्या वचनाचा आशय आहे. या पाठात आपण हे वचन एका लहानशा, वृद्ध आणि जायबंदी झालेल्या कुत्र्याच्या शुश्रूषेच्या संदर्भात अभ्यासणार आहोत. विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा मुका जीव आहे, आणि तो जखमी होऊन पडतो त्या दिवशी घरात तीन प्रश्न उभे राहतात : याच्यासाठी किती करावे? का करावे? आणि कोठे थांबावे? या प्रश्नांना शास्त्राच्या प्रकाशात उत्तर शोधणे हा आपल्या आजच्या अभ्यासाचा हेतू आहे.

१. वचनातील दोन शब्द

या वचनाच्या पूर्वार्धात दोन इब्री शब्द महत्त्वाचे आहेत. पहिला 'यादा', म्हणजे जाणणे, ओळखणे. पुष्कळ भाषांतरांत येथे 'काळजी घेतो' अशा अर्थाचा शब्द येतो आणि तो चुकीचा नाही. परंतु मूळ शब्द काळजीच्याही आधीची गोष्ट सांगतो. पती पत्नीला जाणतो, देव आपल्या लोकांना जाणतो, अशा निकटच्या ओळखीसाठी शास्त्रात हाच शब्द वापरला आहे. ज्याला ओळख नाही, त्याची काळजी आंधळी असते.

दुसरा शब्द 'नेफेश'. त्याचे अर्थ कंठ, श्वास, प्राण, जीव असे पसरत जातात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जलचरांना आणि भूमीवरील पशूंना 'नेफेश हय्या' म्हटले आहे, आणि दुसऱ्या अध्यायात मातीपासून घडवलेल्या आदामात देवाने श्वास फुंकल्यावर तोही 'नेफेश हय्या' झाला असे म्हटले आहे. अनेक भाषांतरांनी पहिल्या ठिकाणी 'प्राणी' आणि दुसऱ्या ठिकाणी 'जीवात्मा' अशा धाटणीचे निरनिराळे शब्द योजले. त्यामुळे मुळात दोन्हीकडे एकच शब्दप्रयोग आहे, हे वाचकाच्या लक्षात येईनासे झाले. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, ही त्याची थोरवी अबाधित आहे. परंतु श्वास घेणारा जीव या नात्याने तो पशूंच्या पंक्तीतच बसलेला आहे.

मराठीचे भाग्य असे की, 'नेफेश' या शब्दासाठी तिच्यापाशी 'जीव' हा सोपा शब्द आहे. आपण माणसालाही जीव लावतो आणि वासरालाही. जीव कासावीस होतो, जीव भांड्यात पडतो, जीवात जीव येतो. हे सर्व प्रयोग कंठाशी, श्वासाशी आणि प्राणाशी एकदमच नाते सांगतात. तेव्हा 'पशूचा जीव ओळखणे' हे शब्द मराठी कानाला परके नाहीत.

२. शास्त्रातील कुत्रा

येथे एक आक्षेप येईल. गाय, मेंढरू, गाढव यांच्याविषयी शास्त्र दयाळूपणे बोलते हे खरे. परंतु कुत्र्याचे काय? जुन्या करारात कुत्रा बहुधा तिरस्काराच्या संदर्भातच येतो. याचे कारण त्या काळच्या नगरजीवनात आहे. वेशीबाहेर उकिरड्यांवर जगणाऱ्या, प्रेतांनाही न सोडणाऱ्या टोळ्या, हेच कुत्र्यांचे नगरवासीयांना दिसणारे रूप होते. ईजबेलीचा अंत आठवावा. तरीही ईयोबाच्या ग्रंथात कळप राखणाऱ्या कुत्र्यांचा उल्लेख आहे, आणि कॅथॉलिक बंधुभगिनी वाचतात त्या तोबीताच्या ग्रंथात तर तरुण तोबीयाच्या प्रवासात त्याचा कुत्रा त्याच्या सोबतीने चालतो.

नव्या करारातील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. दरिद्री लाजाराचे फोड चाटणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी लूक 'कुओन' हा नेहमीचा ग्रीक शब्द वापरतो. सुरफुनीकी स्त्रीच्या प्रसंगी मात्र मत्तय आणि मार्क हे दोघेही 'कुनारिओन' हा लघुत्ववाचक शब्द योजतात. म्हणजे लहान कुत्रा, घरातला, मेजाखाली बसणारा. त्या संभाषणातील कठोरपणा या एका शब्दाने नाहीसा होत नाही. परंतु ती स्त्री त्याच शब्दाला धरून आपला युक्तिवाद करते : मेजाखालच्या लहान कुत्र्यालाही त्या घरात वाटा आहे. तिचा विश्वास वाखाणला गेला. त्या कुत्र्याला चुरा मिळतो, हे गृहीत धरल्यावाचून तिचे बोलणे उभेच राहत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

३. एक उदाहरण

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. येथे जबलपूर शहरात आमच्या घरी मोती नावाचा एक लहान पांढरा कुत्रा आहे. वय तेरा वर्षे, वजन जेमतेम सहा किलो. एका हिवाळ्यात फाटकाबाहेर स्कूटरच्या धक्क्याने तो फेकला गेला. मागचे दोन्ही पाय निकामी झाल्यासारखे दिसत होते. त्याला सपाट फळीवर निजवून पशुवैद्यांकडे नेले. क्ष-किरण चित्रात कंबरेचे हाड दोन ठिकाणी मोडलेले आढळले.

पशुवैद्यांनी त्या वेळी जी परीक्षा केली, ती या पाठाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांनी मागच्या पायाचे बोट चिमट्याने जोराने दाबले. पाय आखडला, परंतु तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्यांचे लक्ष मोतीच्या तोंडाकडे होते. पाय आखडणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कण्याच्या मज्जेचा मेंदूशी संबंध तुटलेला असला तरी ती घडते. वेदना मेंदूपर्यंत पोहोचते की नाही, हे जनावराने मान वळवून पाहिले, विव्हळले किंवा चावायला धावले, तरच कळते. मोतीने मान वळवली आणि तो ओरडला. "आशा आहे," असे पशुवैद्य म्हणाले. जी वेदना पाहून आमचा जीव कासावीस होत होता, तीच त्याच्या बरे होण्याच्या आशेचे चिन्ह होती.

वय आणि हृदयाची अवस्था पाहून शस्त्रक्रिया टाळण्यात आली. कंबरेचे हाड एखाद्या कड्यासारखे असल्याने ते बहुधा एकाहून अधिक ठिकाणी मोडते. परंतु भोवतालचे जाड स्नायू त्याला आधार देतात, म्हणून हलक्या वजनाच्या कुत्र्यांत असे पुष्कळ अस्थिभंग केवळ सक्तीच्या विश्रांतीने भरून येतात. सहा ते आठ आठवडे लहान जागेत ठेवावे, उड्या मारू देऊ नयेत, असा सल्ला मिळाला. तिसऱ्या आठवड्यात पोटाखालून घेतलेल्या टॉवेलच्या आधाराने तो उभा राहिला. आठव्या आठवड्यात तो स्वतःच्या पायांनी अंगणात गेला. त्याची चाल अद्याप वाकडीच आहे आणि ती तशीच राहील. जिना आता त्याच्या आवाक्याबाहेर आहे. बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे, असा अर्थ वृद्धापकाळी घेता येत नाही.

४. शुश्रूषेचे शिक्षण

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे उचित होय.

पहिली गोष्ट, जखमी कुत्रा कितीही प्रेमळ असला तरी वेदनेच्या भरात चावतो. श्वास मोकळा असेल तर त्याचे तोंड मऊ पट्टीने सैलसर बांधावे आणि त्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर उचलावे. तोंडात बळेच पाणी ओतू नये. वाहनाच्या धक्क्यानंतर छातीला किंवा मूत्राशयाला इजा झालेली असू शकते. म्हणून श्वासाकडे आणि लघवी होते की नाही याकडे पहिले दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहावे.

दुसरी गोष्ट, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या विचाराने कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारख्या औषधाने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वृद्ध कुत्र्याच्या बाबतीत तर कुत्र्यांसाठीचे औषधही मूत्रपिंडांची तपासणी करूनच देणे श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट, जो कुत्रा स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, बदलावी. अन्यथा हाडांच्या उंचवट्यांवर शय्याव्रण होतात. अंथरूण जाड, मऊ आणि कोरडे असावे. लघवी अडकत असेल तर मूत्राशय कसे दाबावे हे पशुवैद्यांकडून हातात हात धरून शिकून घ्यावे. पशुवैद्यांनी परवानगी दिल्यावर पायांचे सांधे हळुवारपणे हलवावेत; कारण वृद्ध जनावराचे स्नायू वापराविना झपाट्याने वाळतात. गुळगुळीत फरशीवर पोते किंवा सतरंजी अंथरावी.

वाचकांच्या लक्षात येईल की, या यादीत चमत्कारिक असे काहीच नाही. बहुतेक सर्व कामे म्हणजे रोजचे पाहणे, पुसणे, वळवणे आणि थांबणे. पशूची ओळख अशीच वाढते. तो कान केव्हा मागे घेतो, कोणत्या कुशीवर त्याला झोप लागते, कशाला भितो, हे आठ आठवडे त्याच्याजवळ बसणाऱ्यालाच ठाऊक होते. शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यात तेल आणि द्राक्षारस ओतणे एका घटकेत आटोपले. परंतु त्यानंतर उतारशाळा होती, रात्र होती, दोन दीनार होते आणि पुढील खर्चाची हमी होती. आणि त्या घायाळ मनुष्याला तेथवर पाठीवर वाहून नेले ते एका जनावराने.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या चरित्रांत सांगितली जाणारी हकिकत येथे आठवते. १८३७ सालच्या सुमारास, त्या अजून कुमारवयीन असताना, रॉजर नावाच्या वृद्ध मेंढपाळाचा कॅप नावाचा कुत्रा मुलांनी मारलेल्या दगडाने लंगडा झाला. पाय मोडला असे समजून, पोसणे परवडणार नाही म्हणून, मेंढपाळ त्याला फासावर देण्याच्या विचारात होता. तेथील धर्मोपदेशकांनी पाय नीट तपासून पाहिला. तो मोडला नव्हता, मुका मार लागून सुजला होता. मग या मुलीने गरम पाण्याच्या पट्ट्यांनी शेक दिला आणि कुत्रा बरा झाला. पुढे युद्धातील सैनिकांची शुश्रूषा करणारे हात प्रथम एका कुत्र्याच्या पायाशी झुकले होते.

आपल्याकडेही या कामाची परंपरा आहे. मुंबईत परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. जबलपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालचे. २००९ साली येथे स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाला मराठवाड्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव देण्यात आले. रतन टाटा यांनी आपल्या कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. परंतु उशीर झाला होता आणि तेथे तो सांधा एकाच स्थितीत कायमचा जखडावा लागला. हा अनुभव त्यांनी स्वतः सांगितला होता. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली सुरू झालेल्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयामागे ही प्रेरणा होती.

५. "माणसासाठी एवढे कोण करतो?"

मोतीच्या शुश्रूषेच्या दिवसांत घरी काम करणाऱ्या बाईंनी एक प्रश्न विचारला. त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांचे पती बांधकामावरून पडून तीन वर्षे खाटेवर होते. टॉवेल, औषधे, कूस बदलण्याची वेळ लिहिलेला कागद, हे सर्व पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "माणसासाठी एवढे कोण करतो?"

वाचकहो, हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. जो उपदेशक पशुदयेवर बोलतो आणि या प्रश्नाला वळसा घालतो, त्याचे बोलणे पोकळ आहे. प्रभू येशू ख्रिस्ताने याच प्रश्नाच्या वाटेवर उभे राहून शिकवले.

मत्तयाच्या बाराव्या अध्यायात वाळलेल्या हाताचा मनुष्य सभास्थानात आहे. शब्बाथ दिवशी बरे करणे योग्य आहे काय, असे विचारले जाते. प्रभू उलट विचारतो की, एकुलते एक मेंढरू शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडले तर त्याला वर काढणार नाही असा तुमच्यात कोण आहे? आणि मग तो म्हणतो की, मेंढरापेक्षा मनुष्य कितीतरी अधिक मोलाचा आहे. लूकाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कुबड आलेल्या स्त्रीसंबंधी तो असाच बोलतो : बैलाला आणि गाढवाला तुम्ही शब्बाथ दिवशीही सोडून पाण्यावर नेता, तर अब्राहामाच्या या कन्येला बंधनातून सोडवू नये काय?

यहूदी शास्त्र्यांमध्ये ही 'लहानावरून थोर' अशी मान्य युक्तिवादपद्धती होती. तिची रचना नीट पाहावी. मेंढरू वर काढले जाते, हे खरे असेल तरच 'मनुष्य कितीतरी अधिक' हे वाक्य ठाम उभे राहते. प्रभू पहिली पायरी मोडून दुसरीवर चढत नाही. मेंढराला खड्ड्यातच राहू द्या आणि माणसाकडे जा, असे तो म्हणत नाही. मेंढरासाठी वाकणारा तुमचा हात माणसापाशी येऊन का आखडतो, असे तो विचारतो. सुरफुनीकी स्त्रीचा चुऱ्याविषयीचा युक्तिवादही याच जातीचा होता.

म्हणून त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर 'मोतीसाठी कमी करा' हे नव्हे. दयेचा साठा हौदातील पाण्यासारखा मोजका नाही, की एकाला दिल्याने दुसऱ्याला कमी पडावा. वेळ आणि पैसा मात्र मोजकाच असतो, आणि त्याचा हिशेब देवापुढे प्रामाणिकपणे द्यावा लागतो. परंतु जो मनुष्य कुत्र्यासाठी रात्री दोन वाजता उठतो, त्याला 'मला जमत नाही' हे उत्तर शेजाऱ्याच्या बाबतीत उरत नाही. त्याच्या हातांनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली आहे. बोलण्याने त्या बाईंचे समाधान होणारे नव्हते. त्या शनिवारी मंडळीतील दोघे जण त्यांच्या घरी गेले, आणि तेव्हापासून ते जात आहेत.

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातील आज्ञा येथे जोडून वाचावी. आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्याला सोडून जाऊ नये. धन्याच्या मदतीला उभे राहावे. मूळ वाक्य भाषांतरकारांना कठीण जाते, कारण तेथे 'सोडणे' या अर्थाचे 'अझव' हे क्रियापद तीनदा आले आहे. अर्थ मात्र अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायावरून स्पष्ट होतो : जनावराला धन्यासह उचलावे. पडलेल्या जनावरापाशी दोघे वैरी एकाच वेळी वाकतात.

६. निष्ठुर दया

वचनाचा उत्तरार्ध अजून राहिला आहे. तेथे 'रहमीम' हा शब्द आहे. तो 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी संबंधित आहे. आईच्या पोटातून येणारा कळवळा, असा त्याचा भाव. दुर्जनाचा तो कळवळासुद्धा निष्ठुर असतो. कारण त्यात ओळख नसते. स्वतःची सोय मात्र असते.

जखमी वृद्ध कुत्र्याच्या बाबतीत ही निष्ठुर दया दोन रूपांनी येते. "हाल नकोत, इंजेक्शन देऊन मोकळे करा," असे पहिल्याच दिवशी, तपासणीही न करता म्हटले जाते, तेव्हा हाल कोणाचे टाळायचे असतात, हे स्वतःला विचारावे. याउलट, वेदना औषधाने आवरत नाही, अन्न सुटले आहे, श्वास जड झाला आहे, बरे होण्याची आशा नाही, असे जाणत्या पशुवैद्यांनी सांगितल्यावरही केवळ आपल्याला विरह सोसवत नाही म्हणून त्या जिवाला अडकवून ठेवणे, हीसुद्धा निष्ठुरताच. अशा वेळी वेदनारहित मरण देणे हे दयेचे कृत्य असू शकते. दोन्ही बाजूंना कसोटी एकच : मी या पशूचा जीव ओळखतो आहे, की माझाच जीव सांभाळतो आहे? मोतीने मान वळवली नसती, तर कदाचित आम्हालाही दुसऱ्या वाटेने जावे लागले असते. आणि ती वाटही याच वचनाखाली येते.

७. समारोप

योनाच्या ग्रंथाचा शेवट विलक्षण आहे. रुष्ट संदेष्ट्याला देव विचारतो की, ज्या निनवेत एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसे आहेत, त्या नगरीची मी पर्वा करू नये काय? आणि मग त्याच वाक्याला देव पुष्कळ गुराढोरांची जोड देतो, आणि तेथे ग्रंथ संपतो. तेथे पशूंसाठी 'बेहेमा' हा इब्री शब्द आहे. नीतिसूत्रांतील नीतिमान मनुष्य ज्या पशूचा जीव ओळखतो, त्यासाठीही तोच शब्द आहे. माणसांची गणना आधी होते, हे खरे. परंतु गणना तेथेच थांबत नाही. आपल्या गोठ्यात, अंगणात किंवा खाटेखाली जो जीव विश्वासाने पडून आहे, तो देवाला ठाऊक आहे. आपणही त्याला ओळखावे, आणि त्याच्यापाशी वाकण्याची सवय झालेल्या पाठीने शेजाऱ्याच्या दारीही जावे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

(१) उत्पत्ती १:२४ आणि २:७ ही वचने ताडून पाहा. मनुष्य आणि पशू यांच्यात काय समान आहे, आणि मनुष्याचे वेगळेपण कशात आहे?

(२) मत्तय १२:११-१२ मधील युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडा. पहिले विधान खोटे ठरले, तर दुसऱ्याचे काय होईल?

(३) आपल्या वस्तीत किंवा मंडळीत दीर्घकाळ खाटेवर असलेली व्यक्ती कोण आहे? तिची कूस कोण बदलतो?

(४) आपण दयेच्या नावाने घेतलेल्या एखाद्या निर्णयाकडे पुन्हा पाहा. त्यात ओळख किती होती आणि सोय किती?